शहरातून विमानतळाकडे : सार्वजनिक वाहतुकीचा निर्णायक दुवा

विमानप्रवासाचा विचार करताना तिकिटाचा दर आणि उड्डाणाचा कालावधी या दोनच बाबींकडे सहसा लक्ष दिले जाते. प्रत्यक्षात प्रवाशाचा प्रवास घराच्या किंवा हॉटेलच्या दारापासून सुरू होतो. ऑक्टोबर 2016 मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत सुमारे एक तासाच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे आरंभी 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. तथापि, शहरातून विमानतळ गाठण्यासाठी खासगी टॅक्सीवरच अवलंबून राहावे लागले, तर या सवलतीचा मोठा वाटा रस्त्यावरच खर्ची पडतो. हवाई प्रवास सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणावयाचा असेल, तर विमानतळापर्यंतची स्वस्त व खात्रीची वाहतूक हा त्याचा अविभाज्य भाग ठरतो. विमानतळावर पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने तर हा रोजच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

विमानतळ दूर का गेले?

लांब धावपट्ट्यांसाठी लागणारी विस्तीर्ण जमीन, परिसरातील इमारतींच्या उंचीवरील निर्बंध आणि ध्वनिप्रदूषण या कारणांमुळे नवे विमानतळ शहराबाहेर उभारले जातात. हैदराबादमधील बेगमपेट विमानतळाची प्रवासी वाहतूक मार्च 2008 मध्ये शमशाबाद येथे, तर बेंगळुरूच्या जुन्या विमानतळावरील वाहतूक मे 2008 मध्ये देवनहळ्ळीजवळ हलविण्यात आली. विमानतळाची क्षमता वाढली; पण शहराच्या मध्यभागापासूनचे अंतरही वाढले.

येथे वेगापेक्षा विश्वासार्हता अधिक महत्त्वाची असते. देशांतर्गत उड्डाणाच्या साधारणपणे एक तास आधी प्रवेशपत्र देणे व सामान स्वीकारणे बंद होते. कार्यालयात पंधरा मिनिटे उशिरा पोहोचणारा फार तर बोलणी खातो. विमानतळावर तितक्याच उशिराने पोहोचणाऱ्याचे संपूर्ण तिकीट वाया जाऊ शकते. म्हणूनच रस्त्यावरील कोंडीचा परिणाम न होणारा स्वतंत्र मार्ग हा या वाहतुकीतील कळीचा मुद्दा आहे.

बस : कमी खर्चाचा पर्याय

विमानतळाला शहराशी जोडण्याचा सर्वांत कमी भांडवलाचा मार्ग म्हणजे बससेवा. बेंगळुरू महानगर परिवहन महामंडळाची ‘वायू वज्र’ आणि हैदराबादमधील ‘पुष्पक’ या वातानुकूलित सेवा याची ठळक उदाहरणे होत. शहराच्या विविध भागांतून थेट विमानतळापर्यंत धावणाऱ्या या बसमध्ये सामान ठेवण्याची सोय असते. मागणीनुसार मार्ग बदलता येतात आणि मेट्रो बंद असते अशा वेळीही बस चालविता येते. मर्यादा एकच, परंतु गंभीर : बसला इतर वाहनांबरोबर त्याच रस्त्यावरून जावे लागते.

रेल्वे व मेट्रो : यश आणि अपयश

केवळ लोहमार्ग विमानतळापर्यंत पोहोचल्याने प्रश्न सुटत नाही. कोलकात्यात 2006 मध्ये विमानतळापर्यंत उपनगरी रेल्वे सुरू झाली. मात्र मोजक्या फेऱ्यांमुळे तिला पुरेसे प्रवासी लाभले नाहीत आणि कालांतराने ती बंद पडली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये नोआपाडा ते विमानतळ या मेट्रोमार्गाने ही उणीव भरून काढली. बेंगळुरू विमानतळाजवळ जानेवारी 2021 मध्ये रेल्वेचा थांबा सुरू झाला. परंतु टर्मिनलपासूनचे काही किलोमीटर अंतर आणि मर्यादित गाड्या यांमुळे त्याचा उपयोगही मर्यादित राहिला. दोन गाड्यांमध्ये काही तासांचे अंतर असेल, तर विमानाची वेळ गाठणाऱ्याला अशा सेवेवर विसंबता येत नाही.

याउलट चेन्नईत सप्टेंबर 2016 पासून मेट्रो विमानतळापर्यंत जाते, शिवाय समोरच तिरुसूलम हे उपनगरी रेल्वेचे स्थानक आहे. लखनौची मेट्रो मार्च 2019 मध्ये विमानतळापर्यंत पोहोचली. मुंबईत जवळजवळ संपूर्णपणे भुयारी असलेल्या मेट्रो मार्गिका 3 चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. त्यावर विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलसाठी स्वतंत्र स्थानके आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्याने दक्षिण मुंबईही विमानतळाशी थेट जोडली गेली.

दिल्लीचा धडा

या विषयाचा सर्वांत उद्बोधक अनुभव दिल्लीचा आहे. नवी दिल्ली ते द्वारका सेक्टर 21 हा सुमारे 22.7 किलोमीटरचा विमानतळ मेट्रो एक्स्प्रेस मार्ग 23 फेब्रुवारी 2011 रोजी खुला झाला. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभारलेल्या या प्रकल्पात स्थापत्यकाम दिल्ली मेट्रो रेल महामंडळाकडे, तर संचालन खासगी कंपनीकडे होते. जुलै 2012 मध्ये बांधकामातील दोषांमुळे सेवा थांबली. जानेवारी 2013 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी जुलैपासून महामंडळाने संचालन स्वतःकडे घेतले. यातून उद्भवलेला वाद लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लवादाचा 2017 चा निवाडा 2021 मध्ये कायम ठेवणाऱ्या न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये उपचारात्मक याचिकेवर तो रद्द ठरविला. भागीदारीत जोखीम कोणी उचलावयाची, हे आरंभीच स्पष्ट असणे किती आवश्यक आहे, याचे हे उदाहरण होय.

दुसरा धडा भाड्याचा. महामंडळाने टप्प्याटप्प्याने भाडे कमी केल्यावर प्रवासीसंख्या वाढली. ही सेवा केवळ श्रीमंत विमानप्रवाशांसाठी आहे हा समजही त्यामुळे मागे पडला. सप्टेंबर 2023 मध्ये हा मार्ग द्वारका सेक्टर 25 येथील यशोभूमीपर्यंत वाढविण्यात आला.

तिसरा धडा जोडणीचा. कनॉट प्लेसच्या हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला शिवाजी स्टेडियम स्थानक पायी गाठता येते. पहाडगंजमधील प्रवाशाला मात्र रेल्वे स्थानक ओलांडून अजमेरी गेटच्या बाजूला जावे लागते. करोलबागेतील प्रवासी निळ्या मार्गिकेने राजीव चौक, तेथून पिवळ्या मार्गिकेने नवी दिल्ली व मग विमानतळ एक्स्प्रेस अशा दोन बदलांनी पोहोचतो. टर्मिनल 3 साठी विमानतळ एक्स्प्रेस, तर टर्मिनल 1 साठी किरमिजी मार्गिका सोयीची आहे. त्यामुळे टर्मिनलची खात्री न करता निघालेल्या प्रवाशाची चांगलीच धावपळ होऊ शकते. नकाशावर सलग दिसणारा प्रवास जड सामान घेऊन जिने चढणाऱ्या वृद्धाला तितका सलग वाटत नाही.

धोरण आणि घटनात्मक चौकट

या वाहतुकीत अनेक यंत्रणांचा संबंध येतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार विमानतळ व रेल्वे हे विषय संघसूचीत, रस्ते राज्यसूचीत, तर यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत आहेत. नगरनियोजनाचा समावेश 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे. विमानतळाची जागा ठरविणारी, मेट्रो बांधणारी आणि बस चालविणारी संस्था वेगवेगळी असल्याने समन्वयाचा अभाव हीच मुख्य अडचण ठरते.

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मांडले. 2017 च्या मेट्रो रेल्वे धोरणाने पर्यायांचे विश्लेषण आणि स्थानकापर्यंतच्या पूरक सेवांचे नियोजन यांवर भर दिला. मार्च 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाचा उद्देश विविध वाहतूक साधनांसाठी एकच कार्ड वापरता यावे हा आहे.

पुढील दिशा

पहाटेची पहिली उड्डाणे बहुधा मेट्रोच्या पहिल्या गाडीआधीची असतात आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्यांनाही मेट्रो मिळत नाही. त्यामुळे मेट्रो आणि बस या परस्परांच्या स्पर्धक नसून पूरक सेवा आहेत, हे नियोजनात गृहीत धरणे आवश्यक आहे. सामानासाठी उद्वाहक, भारतीय भाषांतील ठळक दिशादर्शक फलक, रात्रीच्या सुरक्षित बस आणि परवडणारे भाडे या गोष्टी मोठ्या पुलांइतक्याच मोलाच्या आहेत. नवा विमानतळ आखतानाच त्याच्याकडे जाणारी सार्वजनिक वाहतूकही आखली गेली, तरच हवाई सेवेचा विस्तार खऱ्या अर्थाने सर्वसमावेशक ठरेल.