आधी खूर पाहावा

अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जातीच्या जनावरांचे प्रदर्शन भरते, तेव्हा जाणता शेतकरी बैलाच्या रंगवलेल्या शिंगांवर भाळत नाही. तो खूर पाहतो, कातडीवरून हात फिरवतो. डांगीचा खूर काळा आणि टणक असतो, कातडी तेलकट असते. म्हणून भंडारदऱ्याकडच्या धो-धो पावसात आणि खडकाळ चढावर हे जनावर टिकते. पारख कामावरून होते, किमतीवरून नाही. पिकलबॉल हा नवा खेळ आता शहरांतून तालुक्यांकडे सरकतो आहे आणि त्याच्या साहित्याच्या बाजारात नेमकी याच्या उलट रीत आहे. नवशिक्यासाठी स्वस्त, मुरलेल्यासाठी महाग, अशी किमतीचीच उतरंड लावून पॅडल विकली जातात. खरे तर खेळाडूची पायरी ठरते ती तो कोणत्या चुका करतो यावरून, आणि साहित्य ठरते ते त्या चुकांवरून व पायाखालच्या जमिनीवरून. अकोले तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किंवा तरुण मंडळाने हा खेळ सुरू करायचा म्हटले, तर खर्चाचा क्रम मैदान, बूट, चेंडू आणि शेवटी पॅडल असाच हवा.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकलम यांनी तो उभा केला तो घरात सापडले त्या सामानावर: बॅडमिंटनचे मैदान, टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. बॅटी पुरेनात, तेव्हा मॅकलमने प्लायवूडची पॅडल कापली. जाळी आधी बॅडमिंटनइतकी उंच होती; चेंडू टप्पा घेऊन छान उसळतो हे लक्षात आल्यावर ती खाली आली. आजच्या पॅडलचा पूर्वज थेट 1984 मध्ये आला. बोइंग कंपनीतल्या आर्लेन पॅरांटो या अभियंत्याने विमानात वापरतात तसला मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा पॅडलमध्ये घातला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे हा खेळ लाकडावर चालला आणि वाढला. भारतात तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांनी तो कॅनडात पाहिला होता; 2008 मध्ये मुंबईत अखिल भारतीय संघटना निघाली. तेव्हा इथे ना दुकाने होती ना जाहिराती, तरी खेळ रुजला.

आता पॅडल. मापाचा नियम एवढाच, की लांबी अधिक रुंदी 24 इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी 17 इंचांपुढे नको. जाडीला व वजनाला मर्यादा नाही, आणि निवडीचा सगळा घोळ तिथेच आहे. शिकाऊ खेळाडू चेंडूपाशी उशिरा पोहोचतो आणि तो पॅडलच्या मधोमध घेत नाही. त्याला चूक पोटात घालणारे पॅडल हवे: साधारण 16 इंच लांब व 8 इंच रुंद, गाभा 16 मिलिमीटर जाड, वजन 220 ते 230 ग्रॅम, पृष्ठभाग फायबरग्लासचा किंवा साध्या कार्बनचा. जाड गाभा धक्का शोषतो, त्यामुळे कडेला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी जातो. मूठ निवडताना पॅडल धरावे आणि बोटांची टोके व तळवा यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी बसते का ते पाहावे. शंका असेल तर बारीक मूठ घ्यावी, कारण वरून पट्टी गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ बारीक करता येत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की शाळेला लाकडी पॅडलच परवडते, हजाराच्या आत मिळते आणि आपटले तरी मोडत नाही. आक्षेप खरा आहे. पण लाकूड जड असते, मनगटाला व कोपराला हिसका बसतो, आणि सहावी-सातवीच्या मुलाला तासभर ते पेलत नाही. म्हणून लाकडी पॅडल ओळखीपुरती ठेवावीत आणि रोजच्या सरावासाठी पोळ्यासारख्या गाभ्याची थोडी घेऊन पाळीपाळीने वापरावीत. खेळ बहुधा चौघांचाच असतो. दुसरा आक्षेप खिशात पैसे असणाऱ्यांचा: दोनदा घेण्यापेक्षा एकदाच भारी घेतलेले काय वाईट? वाईट हे, की भारी पॅडल बहुधा वेगासाठी बनवलेले असते. नवशिक्याच्या हातात त्या वेगाने चेंडू रेषेबाहेरच जातो. शिवाय चेंडूला फिरकी देणारा कार्बनचा खरखरीत पृष्ठभाग वापराने गुळगुळीत होतो. फिरकी यायच्या आधीच खरखर झिजून गेली, तर पैसे कशाचे मोजले?

पुढची पायरी कधी चढायची, याचे माप मैदानातच आहे. जाळीला लागून सात फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. तिथे चेंडू टप्पा न पडता हवेत मारता येत नाही. या पट्ट्यात दहा-पंधरा हलके फटके न चुकता परतवता आले, की खरखरीत कार्बनचे पॅडल घ्यायला हरकत नाही. त्याही पुढच्या खेळाडूला लांबट आकार आणि 13-14 मिलिमीटरचा पातळ गाभा मानवतो. पोहोच व वेग वाढतो, पण चेंडू नीट बसण्याची जागा आक्रसते. कडेला शिशाची पट्टी चिकटवून तोल बदलणे वगैरे उद्योग याच मंडळींचे. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये.

चेंडूबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. नियमात 26 ते 40 भोके चालतात. उघड्यावरचा चेंडू साधारण 40 बारीक भोकांचा, कडक असतो, वाऱ्यात कमी भरकटतो. आतला 26 मोठ्या भोकांचा, मऊ. राजूरसारख्या डोंगराजवळच्या गावात उघड्यावर 40 भोकांचाच घ्यावा, आणि थंडीत जास्तीचे ठेवावेत, कारण गारठ्यात कडक प्लास्टिक लवकर तडकते. मुरमाच्या मैदानावर फक्की मारून कबड्डी, खो-खो उत्तम होतो, पण इथे चेंडूची उसळी सारखी मिळायला सिमेंट लागते, आणि ओल्या सिमेंटवर पाय घसरतो. पावसाळ्याचे महिने छताखालीच काढावे लागतील. बूट धावण्याचे नकोत. बाजूला झेपावताना त्यांची जाड टाच घोट्याला दगा देते. बॅडमिंटनचे, सपाट तळाचे बूट चालतात.

बॅडमिंटनचे मैदान असेल, तर नवे आखायची गरजच नाही. बॅडमिंटनचे दुहेरीचे मैदान 20 बाय 44 फूट असते आणि पिकलबॉलचेही तेवढेच. फक्त जवळची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, ती सहा इंच मागे ओढा. जाळी कडेला 36 आणि मधोमध 34 इंचांवर बांधा. पॅडलची ऑर्डर त्यानंतर द्या.