गाडीचं पेट्रोल जातं कुठं?



आज आपण बोलणार आहोत गाडीच्या ॲव्हरेजबद्दल. हा विषय बाप्यांचा, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. पेट्रोलचे पैसे घरखर्चातूनच जातात. आणि आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः स्कूटर चालवतात, गटाचा माल टेम्पोत घालून बाजाराला नेतात.

सुरुवात एका अशा गाडीपासून करू, जी आपल्या गावात कधी येणार नाही. फ्रान्समध्ये बुगाटी नावाची कंपनी आहे. तिनं २००५ साली व्हेरॉन नावाची स्पोर्ट्स कार काढली. ताशी ४०० किलोमीटरच्या वर पळणारी. तिची ताकद १००१ हॉर्सपॉवर. आपल्या साध्या मोटारसायकलची असते आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. या कारची टाकी १०० लिटरची, पण पूर्ण वेगानं पळवली तर ती साधारण १२ मिनिटांत रिकामी होते. म्हणजे लिटरला एक किलोमीटरसुद्धा नाही. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर शांतपणे चालवली, तर लिटरला सहाच्या वर किलोमीटर देते. गाडी तीच, इंजिन तेच. बदलला तो फक्त चालवणाऱ्याचा पाय.

मग एवढं पेट्रोल गेलं कुठं? बरंचसं गेलं वाऱ्याशी झुंजण्यात. उघडी छत्री पुढं धरून चालून बघा, आणि मग तशीच पळून बघा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ४०ची गाडी ८०वर नेली, तर वाऱ्याला ढकलायला चौपट जोर लागतो. तो जोर पेट्रोलमधूनच येतो. म्हणून मोटारसायकल सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५०नं चालवली, तर पेट्रोल पुरवून पुरवून वापरते.

दुसरी गळती ब्रेकमधून होते. भरलेला हातगाडा जागचा हलवायला किती जोर लागतो, आणि एकदा चालू लागला की कसा सहज जातो, हे तुम्हाला माहीत आहे. गाडीचं तसंच आहे. कान पिळून गाडी जोरात काढायची आणि पुढच्या गतिरोधकाला करकचून ब्रेक मारायचा, म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेक तापवण्यात घालवायचा. पुढं वळण दिसतंय, म्हशी आडव्या येताहेत, तर लांबूनच रेस सोडावी. अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी रेटू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत ठेवू नये. कोणाशी बोलायला थांबलात, तर इंजिन बंद करावं.

मात्र एक बचत करू नका. घाट उतरताना कोणी इंजिन बंद करतं, कोणी गाडी न्यूट्रलवर सोडतं. तसं कधीही करू नका. इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. इंजिन बंद असेल तर टेम्पोचा ब्रेक जडही होतो. शिवाय इंजेक्शनवाल्या नव्या गाड्या गिअरमध्ये असताना रेस सोडली की पेट्रोल आपोआप तोडतात. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही, जीव मात्र टांगणीला लागतो.

तिसरी गोष्ट चाकांची. हवा कमी असलेली सायकल किती जड जाते, आठवा. मोटारसायकल तक्रार करत नाही, गुपचूप जास्त पेट्रोल पिते. हवा आठ-पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना तपासावी. किती भरायची ते गाडीसोबतच्या पुस्तकात असतं. चेनला तेल द्यावं. ब्रेक घासत नाहीत ना, ते चाक हातानं फिरवून बघावं. टेम्पोवरची ताडपत्री आवळून बांधावी. फडफडणारी ताडपत्री वारा अडवते.

आता गाडीला केलेल्या बदलांकडे वळू. पोरं मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवतात, रुंद टायर घालतात, पिकअपसाठी मागचं दातेरी चक्र बदलतात, मागं पंख लावतात. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं नसतं. रुंद टायर जड असतो आणि रस्त्याला जास्त घासतो. मागचं चक्र मोठं केलं, तर तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. आणि पंखाचं म्हणाल तर त्या व्हेरॉनकडेच बघा. सर्वांत जास्त वेग गाठायचा असतो, तेव्हा ती कार रस्त्यालगत खाली बसते आणि मागचा पंख आवरून घेते, कारण पंख वारा अडवतो. जादा ताकदसुद्धा फुकट मिळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते. व्हेरॉनमध्ये चार टर्बो आहेत. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतात, आणि त्या हवेला जोडीचं पेट्रोल द्यावंच लागतं.

यात कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनासारखा फेरफार करता येत नाही. बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथं 'मालकाला' हा शब्द लक्षात ठेवा. कर्ज काढून गाडी तुमच्या नावावर घेतली असेल, तर सायलेन्सर पोरानं बदलला तरी मालक तुम्हीच.

आता हिशेब. "तुला गाडीतलं काय कळतं?" हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. त्याला उत्तर वहीनं द्यायचं. टाकी पूर्ण भरा आणि मीटरचा आकडा लिहा. आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी वापरा. परत त्याच पंपावर, शून्य बघून, टाकी पूर्ण भरा. जितके किलोमीटर झाले, त्याला आत्ता भरलेल्या लिटरनं भागा. समजा, ३१२ किलोमीटर झाले आणि ६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज ५२. मग पुढचे दहा दिवस हवा बरोबर ठेवून, शांतपणे चालवून तेच करा. इंजिन उघडायला लागत नाही. गटाचं रजिस्टर जिला लिहिता येतं, तिला हे येतंच.

फरक किती पडतो बघा. महिन्याला ९०० किलोमीटर चालणारी गाडी ४५नं चालली तर २० लिटर पेट्रोल लागतं, ६०नं चालली तर १५ लिटर. पाच लिटर वाचलं. लिटरला शंभर रुपये धरले, तरी पाचशे झाले. महिना शंभर रुपये भरणाऱ्या बाईची ही पाच महिन्यांची बचत.

तेव्हा पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर गाडीच्या मीटरचा आकडाही लिहून आणा. महिन्यानं सगळ्या जणींचे आकडे शेजारी शेजारी मांडा. घरात भांडायची गरज नाही. आकडा वाचून दाखवला की पुरे.