मातृत्व रजेचा कायदा करणाऱ्या सभागृहांतच रजेची सोय अपुरी

नवी दिल्ली : डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अवघ्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा बाळाला निजवायला वा पाजायला विधानभवनात स्वतंत्र जागा नव्हती. मागणीनंतर तेथे ‘हिरकणी कक्ष’ उभा राहिला. तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे हे नाव महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवरील अशा खोल्यांनाही दिले आहे. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या कक्षातील धूळ आणि गैरसोयींबद्दल अहिरे यांना पुन्हा तक्रार करावी लागली. त्याआधी २०१७ मध्ये आसामच्या आमदार अंगूरलता डेका यांनी तेथील विधानसभेत स्तनपानासाठी खोली मागितली होती.

खोलीचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. मूळ अडचण लोकप्रतिनिधीच्या कायदेशीर स्थानात आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नोकरदार महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. मात्र खासदार वा आमदार कोणाच्याही नोकरीत नसतात. त्यामुळे ज्या सभागृहाने हा हक्क दिला, त्याच सभागृहाच्या सदस्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

त्यांना गैरहजर राहताच येत नाही, असे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१ आणि १९० नुसार परवानगीविना ६० दिवस अनुपस्थित राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकते; परवानगी घेतल्यास सदस्यत्व सुरक्षित राहते. लोकसभेत अशा अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतंत्र समिती आहे. पण सदस्यत्व राखले तरी मत राहत नाही. अनुच्छेद १०० आणि १८९ प्रमाणे निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतात. म्हणजे प्रसूतीच्या काळात आईला सुटी मिळते आणि तिचा मतदारसंघ मुका होतो. विश्वासदर्शक ठरावासारख्या अटीतटीच्या प्रसंगी तर सुटी कागदावरच उरण्याची शक्यता अधिक.

ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. तेथे गैरहजर सदस्याच्या बदल्यात विरोधी बाकावरील एकाने मतदान टाळण्याचा अलिखित समझोता असतो. जुलै २०१८ मध्ये प्रसूती रजेवरील खासदार जो स्विन्सन यांच्याशी ठरलेला असा समझोता ब्रेक्झिटसंबंधीच्या मतदानात मोडला गेला. जानेवारी २०१९ मध्ये खासदार ट्युलिप सिद्दीक नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलून चाकांच्या खुर्चीतून मतदानाला आल्या. त्याच महिन्यात प्रतिनिधीमार्फत मतदानाची तात्पुरती सोय झाली आणि २०२० मध्ये ती कायम करण्यात आली. नव्याने वडील झालेल्या खासदारांनाही काही काळ ती मिळते, हे विशेष. तत्पूर्वी २०१० मध्ये संसदेच्या आवारातील एका मद्यगृहाच्या जागी पाळणाघर सुरू झाले होते. अडचण जागेची कमी आणि प्राधान्याची जास्त होती, हे त्यातून कळावे. स्वीडनमध्ये महिनाभर वा अधिक रजा घेणाऱ्या सदस्याच्या जागी त्याच पक्षाचा पर्यायी सदस्य बसतो. मतदारसंघाचा आवाज खंडित होत नाही. तेथील संसदेत सुमारे ४६ टक्के महिला आहेत. केवळ रजेमुळे हे प्रमाण गाठले गेले, असे म्हणता येणार नाही. पक्षांनी उमेदवारी देताना राखलेला समतोल त्यामागे आहे.

भारतात २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आरक्षणाची तरतूद केली असून तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली आहे. आजच्या संख्येने मोजले तरी ते प्रमाण १८१ होते. त्यांत तरुण मातांची संख्या वाढेल, तेव्हा अनुच्छेद १०० मधील ‘उपस्थित’ या शब्दाचा प्रश्न अटळ ठरेल. केवळ कामकाज नियमांतील बदलाने तो सुटेल असे दिसत नाही. पाळणाघर, स्वच्छ कक्ष, रात्री उशिरापर्यंत न लांबणारे कामकाज आणि अधिवेशनाचे आगाऊ वेळापत्रक यांसाठी मात्र घटनादुरुस्ती लागत नाही.