सुप्यांतील जळलेले रोखे

पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं बाजार भरला असतां भोंवतालच्या खेड्यांतील कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या त्यांनीं हिसकावून जाळल्या.

या दंग्याचा एक धागा अमेरिकेंतील गुलामगिरीपर्यंत पोहोंचतो. १८६१ ते १८६५ च्या यादवींत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. हिंदी कापसाचा भाव चढला व सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, गुलामगिरी उठली आणि भाव कोसळले. इकडे सारा वाढला, पत आटली. न वाचतां येणाऱ्या रोख्यावरील नांगराची निशाणी मुलांनाही बांधूं लागली. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलाममुक्तीच्या पुरस्कर्त्यांना अर्पण केला, तो उगीच नव्हे.

१८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याची कर्जापायीं होणारी कैद टळली. परंतु सुप्याची आठवण अर्धीच सांगून भागत नाहीं. चौकशी मंडळास आढळलें कीं, झळ बहुतेक मारवाडी व गुजर सावकारांनाच लागली. तोच धंदा करणारे ब्राह्मण सावकार बहुधा वांचले. पिळवणुकीवरील राग परकेपणावर उतरला.

माँटगमेरी येथें २०१८ सालीं उभारलेल्या स्मारकांत झुंडीनें मारलेल्या कृष्णवर्णीयांचीं नांवें परगण्यागणिक पोलादावर कोरलीं आहेत. कोणत्याही गांवाला आपला वांटा नाकारतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. सुप्याच्या स्मरणांतही कर्जानें बांधलेला कुणबी हवा आणि लुटलें गेलेलें घरही हवें. एकाला वगळल्यास उरते ती आठवण नव्हे, फिर्याद.