लिंक नाही, लिंक करा, लिंक दाबू नका

आज एका शब्दावर बोलू या. शब्द इंग्रजी आहे, पण लोहा-कंधारपासून औसा-निलंग्यापर्यंत अंगठा उठवणाऱ्या बाईच्याही तोंडी तो बसलाय. तो म्हणजे 'लिंक'. बँकेत गेलं की 'लिंक नाही, उद्या या'. योजनेचं विचारलं की 'आधार लिंक करून आणा'. गटाच्या बैठकीत 'लिंकेज', खताच्या दुकानात 'लिंकिंग', मोबाईलवर 'लिंक आली'. अर्थ मात्र दर ठिकाणी निराळा. तो चुकला की हेलपाटा पडतो, कधी पदरचा पैसाही जातो.

मूळ अर्थ साधा आहे, साखळीची कडी. पुढे दोन गोष्टी जोडणाऱ्या कशालाही लिंक म्हणू लागले. म्हणून कुणी हा शब्द वापरला की विचारायचं, 'कशाला काय जोडलंय?'

बँकेत 'लिंक नाही' म्हणजे शाखेतला संगणक मुख्य यंत्रणेला जोडला जात नाही. तुमच्या खात्याला काही झालेलं नसतं. (ही लिंक नेमकी बाजाराच्या दिवशीच का जाते, ते देव जाणे.) पण बँक मित्राकडे अंगठा लावल्यावर मधेच लिंक गेली, खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात पैसे आले नाहीत, तर पावती मागा आणि बँकेला लगेच सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ही रक्कम पाच दिवसांत खात्यात परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईही द्यावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ 'आधार लिंक'चा. आधार मोबाईल नंबरला जोडायचं काम आधार केंद्रात होतं. आधार रेशन कार्डाला जोडणं वेगळं, पॅन कार्डाला जोडणं वेगळं. आणि बँक खात्याच्या बाबतीत तर एका शब्दात दोन कामं दडलेली आहेत. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, बँकेनं नंबर नोंदवला, हे झालं एक. सरकारी पैसा यायला एवढं पुरत नाही. आधार नंबरवर येणारा पैसा कुठल्या बँकेत टाकायचा, याची देशभराची एक यादी असते. त्या यादीत आपली बँक लागावी म्हणून बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. त्याला 'आधार सीडिंग' म्हणतात. यादीत एका आधारला एका वेळी एकच बँक राहते. शेवटी जिथं सीडिंग केलं, तीच बँक. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, तेव्हा कितीतरी जणींनी जुनंच पासबुक भरून आणलं आणि पैसे आलेच नाहीत म्हणून हळहळल्या. पैसे आले होते, पण मधे कुठं तरी उघडलेल्या दुसऱ्या खात्यात. तेव्हा बँकेत 'आधार लिंक आहे का' असं विचारू नका. 'सीडिंग कुठल्या बँकेत आहे' असं विचारा. आधारच्या संकेतस्थळावरही ते दिसतं. गटातल्या शिकलेल्या मुलीकडून बघून घ्या.

गटाचं 'लिंकेज' हे आपल्या हक्काचं. नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचं ठरवून हे काम सुरू केलं. इथं कडी आहे ती गट आणि बँक यांच्यात. नुसतं गटाचं बचत खातं उघडणं म्हणजे लिंकेज पुरं झालं असं नाही, कर्ज मिळालं पाहिजे. उमेदच्या गटांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवायची नाही आणि ठेव ठेवा असा आग्रहही धरायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी मागितलंच तर 'लेखी द्या' म्हणावं. बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो.

पेरणीच्या तोंडावर ऐकू येणारं 'लिंकिंग' मात्र सरळ अडवणूक आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. ती हवी तर सोबत ही बाटली, ती पुडी घ्याच, असं दुकानदार म्हणतो. अशी सक्ती करता येत नाही. अंगठा लावून खत घेतलं की पक्कं बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. एकट्या बाईला दुकानदार बोलू देत नाही, म्हणून गटाच्या नावानं द्या.

राहिली मोबाईलवरची लिंक. निळ्या अक्षरांची ती ओळ म्हणजे एक दार, दाबलं की उघडतं. पलीकडं कोण उभं आहे ते अलीकडून दिसत नाही. पीएम किसानच्या, लाडकी बहीणच्या नावानं अशी दारं व्हॉट्सॲपवर येतात. काहींच्या मागं 'एपीके' नावाची फाईल असते. ती मोबाईलमध्ये बसली की आपले मेसेज, आपला ओटीपी चोराला दिसू शकतो. योजनेचं काही बघायचं असेल तर अंगणवाडी ताईला किंवा ग्रामपंचायतीत विचारा. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. आणि दाबलीच गेली लिंक, गेले पैसे, तर घरी रागावतील म्हणून लपवून ठेवू नका. त्याच घटकेला १९३० वर फोन लावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढं निघायच्या आत कळवलं तर ते तिथंच थांबवता येतात.