सापाच्या पेटीतले माइट

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक घोडबंदर रस्त्यावरचा, येऊरच्या जंगलाला लागून असलेला. दुसरा डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. पहिल्या ठिकाणी साप जंगलातून वस्तीत उतरतात. दुसऱ्याच्या परिसरातील पलावा वसाहतीत मात्र २०२४ साली वनखात्याने एका सदनिकेतून परदेशी साप व इतर प्राणी जप्त केले. साप आता शहरात पेटीतही राहू लागला आहे, आणि पेटीतल्या सापाला हमखास गाठणारा एक जीव म्हणजे माइट.

ऑफिओनिसस नॅट्रिसिस हे त्याचे शास्त्रीय नाव. प्रौढाला आठ पाय असतात, म्हणजे हा कीटक नव्हे, गोचिडीच्या गोतावळ्यातला. रक्त प्यालेली मादी काळसर, खसखशीच्या दाण्याएवढी. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच, खवल्यांच्या फटी या तिच्या आवडत्या जागा. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसू लागला आणि तळाशी काळे ठिपके दिसले, की संशय घ्यावा. माइट फार झाले तर रक्तक्षय होतो, कात नीट निघत नाही. हाताळणाऱ्याच्या हातावरही पुरळ उठू शकते.

उपाय कशावर करायचा? सापावर, असे उत्तर आपण पटकन देतो. पण या जीवाचे आयुष्य पाहा. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती काही खात नाही. तिच्यापासून होणारे पहिले पिल्लू रक्त पिते, दुसऱ्या अवस्थेतले पीत नाही, प्रौढ पुन्हा पितो. २५ ते ३० अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण दोन आठवड्यांत पुरे होते. शिवाय मादी अंडी घालते ती सापावर नव्हे, तर खाली उतरून ओलसर, अंधाऱ्या फटीत. म्हणजे साप स्वच्छ केला तरी पुढची पिढी पेटीत तयारच असते. पंधरा दिवसांनी माइट पुन्हा दिसतात, पाळणारा म्हणतो 'औषध कमी पडले' आणि मात्रा दुप्पट करतो. साप दगावतो तो अनेकदा इथे.

कारण सोपे आहे. डायक्लोरव्हॉससारखी कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला लागणारे एक विकर बंद पाडतात. ते विकर माइटमध्ये असते तसे सापातही असते. बंद पेटीत वाफ कोंडते आणि सापाला पळायला जागा नसते. झुरळांचा फवारा, कुत्र्याची गोचीड-पावडर, रॉकेल यांपैकी काहीही वापरू नये. आयव्हरमेक्टिन तर शेजारच्या कासवाला जीवघेणे ठरते. फिप्रोनिल पशुवैद्य वापरतात, पण किती, कसे आणि कोणत्या सापावर, हे त्यांनीच ठरवावे.

आपल्या हाती आहे ती पेटी. साप दुसऱ्या भांड्यात हलवावा. डोके सहज वर राहील इतक्याच कोमट पाण्यात त्याला दहा-पंधरा मिनिटे, आपण समोर बसून, ठेवता येते. डोक्यावरचे माइट मात्र याने जात नाहीत. पेटीतले लाकूड, साली, भुसा टाकून द्यावा. रिकामी पेटी कढत पाण्याने, कोपरे खरवडून धुवावी आणि पूर्ण वाळवावी. कोरडेपणा माइटला सोसत नाही. तळाला पांढरा कागद घालावा, म्हणजे ठिपके मोजता येतात. हे दर आठवड्याला, निदान महिनाभर. नवा साप आणला तर तो आधी वेगळ्या खोलीत.

अर्थात हे परदेशी सापांपुरतेच. धामण, नाग, अजगर घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. त्यांच्या अंगावर माइट दिसले तरी वनखात्यालाच कळवायचे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. पशुवैद्याकडे जाताना तो कागदही बरोबर असावा.