पंखांवरची पूड झटकणारा पतंग

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. महाराष्ट्रात हमिंगबर्ड दिसतो का?

“हो, आमच्या अंगणात दिसला होता!” असं तुमच्यापैकी काहीजण नक्की म्हणतील. फुलासमोर हवेत एका जागी थांबला होता, पंख इतक्या वेगानं हलत होते की दिसतच नव्हते, लांब चोच फुलात घातली होती आणि बघता बघता तो भुर्रकन दुसऱ्या फुलापाशी गेला.

तुम्ही पाहिलंत ते अगदी खरं. पण तो हमिंगबर्ड नव्हता. रानातले हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर राहतात. मग आपल्या अंगणातला तो ‘पक्षी’ कोण? पुढच्या वेळी दिसला की त्याच्या डोक्याकडे नीट बघा. दोन मिशा दिसतील. पाय मोजता आले, तर ते सहा भरतील. आणि ती लांब चोच? काम झालं की ती गोल गुंडाळून तोंडाखाली जाते. कुठल्या पक्ष्याला असं जमेल?

तो असतो एक पतंग, हॉकमॉथ कुळातला. जगभरात हॉकमॉथच्या दीड हजाराच्या आसपास जाती आहेत. त्यातले बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री उडतात. थोडे मात्र भर दिवसा, लख्ख उन्हात फुलांवर येतात. या दिवसा उडणाऱ्यांपैकी काहींचे पंख काचेसारखे आरपार दिसतात. आज आपण त्यांनाच भेटणार आहोत.

ओळख करून घेऊ

आपल्याकडच्या अशाच एका पतंगाचं शास्त्रीय नाव सेफोनोडस हायलस. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७७१ साली त्याचं वर्णन केलं. पंख पसरले की तो साधारण ५ ते ७ सेंटिमीटर भरतो. पाठ हिरवट-पिवळी, मऊ केसांनी भरलेली. पोटावर तांबूस पट्टा. शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुबका. आणि पंख? पंखांवर बारीक गडद शिरा, बाकी सगळं आरपार. पंखामागचं पानही दिसतं.

भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, चीन, जपान आणि आफ्रिका एवढ्या मोठ्या प्रदेशात तो आढळतो. पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा पत्ता अगदी जवळचा आहे: अनंताचं झाड. हो, तेच पांढऱ्या, सुवासिक फुलांचं! का, ते पुढे कळेलच.

पहिलं उड्डाण

फुलपाखराला चुकून हात लागला तर बोटांना रंगीत पूड लागते, हे तुम्हाला माहीत असेल. ती पूड म्हणजे त्याच्या पंखांवरचे अगदी बारीक खवले. फुलपाखरं आणि पतंग यांच्या पंखांचे रंग आणि नक्षी या खवल्यांमुळेच असतात. खाली असतो तो नुसता पातळ पडदा, चतुराच्या किंवा माशीच्या पंखात असतो तसाच.

मग आपल्या या पतंगाच्या पंखांवर खवले नसतातच का?

असतात! कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख राखाडी-पांढुरक्या खवल्यांनी झाकलेले असतात. त्या वेळी पंखाच्या पलीकडचं काहीही दिसत नाही. पतंग एखाद्या काडीला लटकून पंख पूर्ण पसरू देतो, वाळू देतो. मग तो पंख थरथरवू लागतो आणि पहिलं उड्डाण घेतो. त्या पहिल्याच फडफडीत खवले पुडीसारखे झडून जातात. उरतात ते स्वच्छ, पारदर्शक पंख!

असं का होतं? इतर पतंगांचे खवले पंखात त्या मानानं घट्ट रुतलेले असतात. याच्या पंखांच्या मधल्या भागातले खवले मात्र सैल बसलेले असतात, पंख जोरात हलले की सुटतात. ते पुन्हा कधी उगवत नाहीत. म्हणजे हा पतंग जन्मभर पारदर्शक दिसतो, फक्त आयुष्याचे पहिले काही तास सोडून. ते तास ज्याला बघायला मिळतात, तो फार भाग्यवान.

न चमकणारे पंख

आता गंमत बघा. खिडकीच्या काचेतून पलीकडचं दिसतं, पण काच आहे हे आपल्याला कळतं. कारण ती चमकते. काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पतंगाचा पंख असाच चमकला, तर उन्हात दर फडफडीला तिरीप उठेल आणि लांबच्या पक्ष्यालाही कळेल, “इथे खाऊ आहे!”

पण हा पंख फारसा चमकत नाही. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९९७ साली त्याबद्दल लिहिलं. त्यांना पंखाच्या पृष्ठभागावर असंख्य उंचवटे दिसले, एकमेकांना खेटून, ओळीनं लागलेले. ते किती लहान? आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो उंचवटे शेजारी शेजारी मावतील. प्रकाशाच्या लहरींपेक्षाही ते लहान आहेत.

त्यांचं काम कसं चालतं? सायकलवरून जाताना वाटेत अचानक पायरी आली तर चाक आपटून मागे येतं. त्याच जागी उतार असला तर चाक अलगद वर चढतं. प्रकाशाचंही तसंच आहे. हवेतून एकदम पंखात शिरायचं म्हणजे पायरी, म्हणून काही प्रकाश मागे फिरतो. उंचवट्यांची टोकं निमुळती आणि बुडं रुंद. त्यामुळे हवा हळूहळू कमी होते आणि पंख हळूहळू सुरू होतो. पायरीच उरत नाही आणि प्रकाश मागे न फिरता पुढे निघून जातो.

पतंगांच्या डोळ्यांवरही असेच उंचवटे असतात. ते पाहून माणसानं न चमकणाऱ्या फिल्म बनवल्या. पडद्यांवरचा चकचकाट कमी करायला आणि सौरपट्ट्यांमध्ये जास्त प्रकाश शिरावा म्हणून ही युक्ती वापरता येते.

आता लक्षात आलं ना? खवले झडले आणि पंख आरपार झाला, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पारदर्शक म्हणजे ‘तिथे काही नाही’ असं नव्हे. त्या आरपार दिसण्यामागे फार बारीक कारागिरी आहे.

मी मधमाशी आहे, दूर व्हा!

पारदर्शक पंखांचा आणखी एक फायदा आहे. मधमाश्या, भुंगे, गांधीलमाश्या यांचे पंखही पारदर्शकच. त्यात अंगावर केस, पिवळा रंग आणि पोटावर पट्टा. लांबून बघणाऱ्या पक्ष्याला वाटतं, “नको रे बाबा, ही डंख मारेल!” खरं तर आपल्या पतंगाला डंख नसतो, विष नसतं. पण सोंग चांगलं वठलं की जीव वाचतो.

अशा सोंगाची पहिली नीट उकल केली हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं. तो १८४८ ते १८५९ अशी ११ वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कीटक गोळा करत होता. तिथे त्याला दिसलं, की काही साधी, चवीला बरी फुलपाखरं हुबेहूब बेचव फुलपाखरांसारखी दिसतात. १८६२ साली त्यानं त्याचं कारण मांडलं. बेचव फुलपाखराचा एकदा वाईट अनुभव आला की पक्षी तसं दिसणाऱ्या सगळ्यांनाच टाळतात, आणि त्याचा फायदा सोंग घेणाऱ्याला मिळतो. मधमाशीसारखा दिसणारा पतंग याच नियमानं वाचतो.

आपल्या देशात सॅटास्पिस नावाचे हॉकमॉथही आहेत. ते तर थेट लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याचं सोंग घेतात!

हवेत थांबायचं कसं?

मधमाशी फुलावर बसते. आपला पतंग फुलासमोर हवेत तरंगतो आणि लांब सोंड आत घालतो. बसण्याची वेळच येत नाही, म्हणून फुलात दबा धरून बसलेल्या कोळ्याच्या किंवा प्रार्थना-कीटकाच्या हाती तो सहसा लागत नाही.

पण तरंगणं फार मेहनतीचं काम आहे. पतंगाला चार पंख असतात. पुढचा आणि मागचा पंख राठ केसानं एकमेकांना अडकवलेले असतात, त्यामुळे दोन्ही मिळून एकच पंख असल्यासारखे हलतात. तरंगताना ते वर-खाली कमी आणि पुढे-मागे जास्त फिरतात. पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा पतंगाला वर उचलून धरतात.

एवढ्या कामाला स्नायू गरम लागतात. म्हणून गारव्यात हॉकमॉथ लगेच उडत नाहीत. आधी बसल्या जागी पंख थरथरवतात, छातीचे स्नायू तापवतात आणि मगच झेप घेतात. छातीवरचे दाट केस ती ऊब धरून ठेवतात. आणि या सगळ्याला लागणारी शक्ती कुठून येते? मकरंदातल्या साखरेतून. म्हणूनच त्याची एवढी घाई, या फुलावरून त्या फुलावर!

हमिंगबर्ड आणि हॉकमॉथ यांचं काही नातं नाही. एक पक्षी, दुसरा कीटक. पण दोघांनाही तरंगत मकरंद प्यायचा आहे, म्हणून दोघांनाही लांब चोच किंवा सोंड आणि वेगवान पंख मिळाले. काम सारखं असलं की निसर्गात वेगवेगळ्या वाटांनी येऊनही रूप सारखं होऊ शकतं.

जगभरची भावंडं

पारदर्शक पंखांच्या हॉकमॉथचा आणखी एक मोठा गट आहे, हेमॅरिस. त्याच्या वीसेक जाती उत्तर गोलार्धात राहतात. ब्रिटनमध्ये दोन आहेत: हेमॅरिस फ्यूसिफॉर्मिस आणि हेमॅरिस टिटियस. दोन्हींच्या पंखांना तपकिरी किनार असते, पहिल्याची रुंद आणि दुसऱ्याची अरुंद. त्यावरूनच त्या ओळखू येतात.

उत्तर अमेरिकेत हेमॅरिस थिझ्बी भेटतो. पाठ हिरवट, पोट लालसर-तपकिरी, शेपटी पंख्यासारखी उघडणारी. तो इतका हमिंगबर्डसारखा दिसतो, की खरा हमिंगबर्ड रोज बघणारी माणसंही फसतात. त्याचा भाऊ हेमॅरिस डिफिनिस काळा-पिवळा, अगदी केसाळ भुंग्यासारखा. तुमचं कुणी मावसभावंड अमेरिकेत असेल, तर त्याला उन्हाळ्यात बागेत शोधायला सांगा. हेमॅरिस साँडर्सी ही जात आपल्याकडे वायव्य हिमालयाच्या बाजूला आढळते.

या सगळ्यांचे खवलेही पहिल्या उड्डाणातच झडतात. फक्त कडेचे आणि शिरांवरचे टिकतात.

एक सूचना. ‘क्लिअरविंग मॉथ’ म्हणून आणखी एक वेगळंच कुळ आहे. ते पतंग अंगानं सडपातळ आणि गांधीलमाशीसारखे दिसतात. त्यांचेही पंख पारदर्शक, पण ते हॉकमॉथ नव्हेत.

अनंताच्या पानांवर

आता अनंताकडे वळू. सेफोनोडस हायलसची मादी एकेक अंडं पानावर घालते. कुठल्याही पानावर नाही बरं का! अनंत आणि कॉफी ज्या कुळात येतात, त्याच कुळातल्या झाडांवर. आपल्या रानातला गेळा आणि बागेतला एक्झोराही त्याच कुळातले. जपानमध्येही ही अळी अनंतावरच सापडते आणि बाग करणारे तिला चांगलं ओळखतात.

अळी सहसा हिरवी असते, काही वेळा काळपट. वाढून सहा सेंटिमीटरच्या आसपास होते. मागच्या टोकाला एक शिंग! बघणारे घाबरतात, पण ते शिंग टोचत नाही, डंख मारत नाही. पोट भरलं की अळी खाली उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीत कोष करते.

भारतातल्या हॉकमॉथच्या अळ्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं कारवारमुळे कळलं. तिथे वनखात्यात काम केलेल्या टी. आर. डी. बेल यांनी रानातून अळ्या आणून, त्यांना त्यांचीच पानं खायला घालून वाढवलं आणि प्रत्येक अळीतून कोणता पतंग निघतो ते टिपून ठेवलं. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं हॉकमॉथवरचं पुस्तक १९३७ साली निघालं. आजही अभ्यासक ते उघडतात. अळी, झाड आणि धीर, यावर मोठा अभ्यास उभा राहिला.

असा अभ्यास तुम्हीही सुरू करू शकता. अनंताची पानं कुरतडलेली दिसली की आधी जमिनीकडे बघा. जाड, काळपट लेंड्या पडल्या असतील तर बरोबर त्यांच्या वरची फांदी तपासा. अळी पानाच्या रंगाची असते, त्यामुळे डोळ्यांना जरा वेळ द्या. सापडली की वहीत तारीख लिहा, लांबी मोजा, चित्र काढा. रोज तेवढंच करा.

आणि घरात कुणी औषध फवारायला निघालं, तर त्यांना थांबवा. “आजी, दोन-तीन अळ्या राहू दे ना, झाडाला पुन्हा पानं फुटतील,” असं सांगा. झाड मोठं असेल तर त्याला थोडी पानं गेल्यानं काही होत नाही. पण तेवढ्या पानांवर एक पतंग वाढतो. अळी दिसेनाशी झाली की झाडाखालचा पाचोळा काही आठवडे झाडू नका. खाली कोष असू शकतो.

शेजारी पेंटास किंवा एक्झोरा लावा. सकाळी आणि उन्हं उतरताना फुलांजवळ लक्ष ठेवा. पतंग दिसला की वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, फूल, तो बसला की तरंगला, आणि त्याचे पंख आरपार दिसले का. वर्गातल्या पाच जणांनी पाच अंगणांत वर्षभर असं लिहिलं, तर तुमच्या गावात हा पतंग कोणत्या महिन्यांत येतो आणि कोणती फुलं पसंत करतो, हे तुम्हीच बाकीच्यांना सांगू शकाल.